चढलेल्या लाइनवरचं माप

ईएल८४ हा व्हॉल्व्ह मी पहिल्यांदा हातात घेतला तो रेडिओसाठी. रविवार कारंजाजवळ अण्णांचं रेडिओदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. त्यांच्या खोक्यांची चळत फळीवर असे. सेटमध्ये स्पीकर हलवण्याचं काम ईएल८४कडे. पुढे कळलं की इंग्लंडच्या व्हॉक्स एसी३० या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये हेच चार व्हॉल्व्ह बसतात. वाड्यात आम्हाला बातम्या ऐकवणारी ती काच तिकडे गिटार गाजवत होती, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

गेल्या पावसाळ्यात शरणपूर रोडकडचा एक तरुण आपला फेंडर ॲम्प घेऊन आला. चर्चमध्ये वाजवतो. ‘‘काका, आवाज बसलाय. नवे व्हॉल्व्ह आणलेत, फक्त बदलून द्या.’’

या ‘फक्त’पाशीच मी थांबतो. एसी३०मध्ये व्हॉल्व्ह आपला बायस, म्हणजे ग्रिडचा ऋण दाब, कॅथोडच्या रेझिस्टरवर स्वतःच धरतो, तिथे बदलणं पुष्कळसं सोपं. या फेंडरमध्ये मात्र दोन ६एल६, आणि त्यांचा हा दाब आपल्याला ठरवून द्यावा लागतो. तार छेडलेली नसतानाही व्हॉल्व्हमधून थोडा करंट वाहत राहिला पाहिजे. तो फार कमी असला तर आवाज कोरडा, कडवट येतो. फार जास्त असला तर प्लेट लाल होते. उमेदवारीत मी एकदा मीटर न लावता जोडी बदलली होती. दहा मिनिटांत एका व्हॉल्व्हची राखाडी प्लेट निखाऱ्यासारखी झाली. तो रंग एकदा पाहिला की विसरत नाही.

म्हणून मीटर लावतोच. पण ॲम्प उघडला की आधी कंडेन्सर रिकामे करायचे. प्लग काढून ठेवला तरी त्यांच्यात चारशेच्या वर व्होल्ट साठलेले राहू शकतात. मी रेझिस्टरमधून ते उतरवतो, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबतो. चालू सेटवर काम करताना डावा हात खिशात. ही अण्णांची शिस्त, कारण दोन्ही हातांतून गेलेला शॉक छातीतून जातो. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मग व्हॉल्व्ह आणि सॉकेट यांच्यामध्ये एक जोड बसवतो. त्यात कॅथोडच्या वाटेवर एक ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर. ६एल६जीसीची प्लेट ३० वॉट उष्णता सोसते. त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे २१ वॉट, ही वरची हद्द. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर ५० मिलिॲम्पिअर. मीटरवरच्या आकड्यात स्क्रीन ग्रिडचाही थोडा करंट मिसळलेला असतो. तेवढी सूट मी व्हॉल्व्हच्या आयुष्याला देतो. बहुतेक वेळा पस्तीस-चाळीसवरच कान म्हणतो, बस.

पण हे गणित कुठल्या लाइनवर करायचं? पुस्तकात लाइन २३० व्होल्टची असते. माझ्या बाकावर संध्याकाळी ती २१५ दाखवते, रात्री अकरानंतर २४५. लाइन चढली की प्लेटचे व्होल्ट त्याच प्रमाणात चढतात. ऋण दाबही चढतो, पण तो सगळी भरपाई करत नाही, करंट वाढतोच. संध्याकाळच्या पडलेल्या लाइनवर हद्दीपर्यंत नेलेला ॲम्प मध्यरात्री हद्दीबाहेर जातो. त्यामुळे शेवटचं माप मी रात्रीच घेतो. अर्धा तास तापू देतो, बायसचा स्क्रू केसभर फिरवतो, पुन्हा वाट पाहतो. जोडीतला एक ३८वर आणि दुसरा ३६वर स्थिरावला तर ती चांगली जोडी. दहाचा फरक असेल तर ती परत करायला सांगतो, कितीही महागाची असो.

आणि महाग त्या आहेतच. भारतात हे व्हॉल्व्ह बनणं कधीच थांबलं. आता ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियातून येणारा माल अडला, तेव्हा साधी जोडी मिळवायलाही धावपळ झाली. चांगला व्हॉल्व्ह चुकीच्या बायसवर जाळणं मला तेव्हापासून अन्नाची नासाडी केल्यासारखं वाटतं.

त्या तरुणाला मी रात्री बोलावलं होतं. माप लागल्यावर त्याने एकच सूर छेडला आणि तो विरेपर्यंत हात तारांवर ठेवला नाही. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चासीच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, लाइनचे व्होल्ट, प्लेटचे व्होल्ट, दोन्ही व्हॉल्व्हचे करंट. पुढे हा ॲम्प जो कोणी उघडेल, त्याने ती आधी वाचावी आणि खाली आपली ओळ लिहावी.