शेवटचे साठ किलोमीटर

30 डिसेंबर 2018, रविवार. पहाटे साडेपाचला जालन्यातल्या एका शाळेच्या वऱ्हांड्यात आम्हाला जाग आली, तेव्हा आमचे मिस्त्री केव्हाच उठले होते. डोक्याला मफलर, अंगावर चादर, हातात पंप. एकेका सायकलचे टायर अंगठ्याने दाबून बघत होते. गेले सहा दिवस ते हेच करत आले होते. फरक एवढाच, की रोज त्यांचे काहीतरी गुणगुणणे चालू असे आणि आज ते गप्प होते. थंडीमुळे असेल, असे आम्ही समजलो.

आम्ही अकरा जण होतो. एक निवृत्त गणिताचे सर, एक बँकेतले, दोघे शिंपी, एक भाजीवाला, तीन कॉलेजची मुले, दोन मुली आणि मिस्त्री. आमच्यात मुसलमान किती, हिंदू किती, बौद्ध किती, ही मोजणी आम्ही केली नव्हती. ती रस्त्यात भेटलेल्या लोकांनीच केली आणि आम्हाला सांगितली.

निघालो होतो वरोऱ्याजवळच्या आनंदवनातून, 24 डिसेंबरला. ही तारीख सरांनी ठरवली होती. 24 डिसेंबर 1985 रोजी बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली होती. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर आणि मणक्याच्या दुखण्याने बसताही न येणारे बाबा गाडीत आडवे पडून सोबत. पंजाब पेटलेला होता, दिल्लीची दंगल होऊन वर्ष झाले होते. काश्मीरच्या दिशेने पाच हजारांहून अधिक किलोमीटर ती मुले पेडल मारत गेली. सरांना तेव्हा जायचे होते, घरून परवानगी मिळाली नाही. ते राहून गेलेले जाणे ते तेहेतीस वर्षांनी आमच्याबरोबर पुरे करत होते.

आमचे कारण मात्र आमच्याच मोहल्ल्यातले होते. त्याच वर्षी 11 आणि 12 मे रोजी औरंगाबादेत दंगल झाली. शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा या भागांत दुकाने, गाड्या जळाल्या, दोन माणसांचे जीव गेले. मोठ्या दुकानदारांचे विमे होते, ओळखी होत्या. हातगाडीवर पोट असणाऱ्यांचे काय? गाडी जळाली म्हणजे दुकान, गोदाम आणि भांडवल एकदमच जळाले. कोणाची गाडी कोणत्या धर्माची, हे राखेवरून सांगता येत नव्हते. अशा लोकांना पुन्हा धंद्याला लावण्यापुरते पैसे जमवावेत म्हणून आम्ही निघालो होतो. बँकेतल्या भाऊंच्या कॅरियरला कुलूप लावलेली पत्र्याची पेटी बांधली होती. आनंदवनात आम्हाला थोडा संकोचही वाटला होता. दान माणसाला दुबळे करते, काम त्याला उभे करते, या अर्थाचे बाबांचे सांगणे तिथे प्रत्येकाला ठाऊक, आणि आम्ही तिथूनच दानपेटी घेऊन निघालेलो! सर म्हणाले, “आपण पैसे वाटणार नाही, हातगाड्या घेऊन देणार आहोत.” त्यावर आमचे समाधान झाले.

वणी, यवतमाळ, कारंजा, मेहकर, सिंदखेड राजा. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. बूड सोलून निघाले, गुडघे सुजले. सायंकाळी गावात पोचलो की चौकात किंवा शाळेत चार माणसे जमवायची आणि सरांनी बोलायचे. पहिल्या दिवशी सर एकात्मतेवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेटीत तीनशे रुपये पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींची गोष्ट सांगितली. शहागंजात चमनच्या कडेला पत्र्याच्या आडोशाला बसणारा सायकल मिस्त्री, वडिलांपासूनची पाने-पकडींची पेटी, मे महिन्यातली ती रात्र आणि सकाळी राखेत सापडलेले, काळेनिळे पडलेले मूठभर छर्रे. लोकांचे डोळे भरून आले. पेटीत चार हजार पडले. तिथून पुढे रोज तीच गोष्ट. गोष्ट चालते आहे म्हटल्यावर आम्हीही ती घडवत गेलो. मूठभर छर्ऱ्यांचे ओंजळभर झाले. जालन्यात आदल्या रात्री तर यजमानांनी मिस्त्रींना पुढे बोलावून उभे केले. ते हात जोडून उभे राहिले. खाली बघत. त्या रात्री सगळ्यांत जास्त पैसे जमले. रात्री झोपताना आम्ही रक्कम दोनदा मोजली. मिस्त्रींकडे कोणाचे लक्ष नव्हते.

सकाळी सहाला निघालो. जालना ते शहागंज साधारण साठ किलोमीटर. सूर्य पाठीशी होता आणि आमच्या लांब सावल्या पुढे पळत होत्या. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यात हा सगळा पट्टा येत होता. कापसाची बोंडे वेचून झालेली, पराट्या तशाच उभ्या. मोसंबीच्या बागांत पाने कडेने वळलेली. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र मागे पडले. या केंद्रातून निघालेल्या तुरीच्या वाणांवर मराठवाड्यातली कितीतरी घरे जगतात, असे भाजीवाल्या भाईंनी मुलांना सांगितले. त्या साली तूरसुद्धा गुडघ्याएवढीच होती. मैलाचे दगड औरंगाबादचे आकडे कमी कमी करत चालले होते. 2023 मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्या दिवशी मात्र त्या जुन्या चार-पाच अक्षरांकडे बघतच आम्ही पेडल मारत होतो.

करमाडला चहाला थांबलो. शेवटच्या कार्यक्रमाचे बोलणे निघाले. शहागंजात गांधी पुतळ्याजवळ छोटासा मंडप घातलेला होता, हार होते, फोटोवाले येणार होते. सर म्हणाले, “मिस्त्री, आज तुम्ही माझ्या शेजारी उभे राहायचं.”

मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “सर, शहागंज में मेरा किस्सा नक्को सुनाओ. वहाँ मेरेकू कल भी बैठना है.”

कोणी काही बोलले नाही. मग तेच हळूहळू बोलले. दुसऱ्या गावात ठीक होते, तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. शहागंजात त्यांच्याकडे राजाबाजारचे शेटजी मुलाची सायकल पाठवतात, चेलीपुऱ्यातला दूधवाला येतो, गणपती मंदिराजवळचा हारवाला येतो. त्यांच्यासमोर माइकवर सांगायचे, की याचे दुकान जाळले? मग प्रत्येक जण मनात विचारणार, कोणी जाळले? माझ्याकडे बघून सांगतोय का? “आणि उद्यापासून मी मिस्त्री राहणार नाही. दंगलवाला होईन. पंक्चर काढायला येणारा माणूस दोन रुपये जास्त ठेवून जाईल. ते मला घेता येणार नाहीत आणि परतही देता येणार नाहीत.”

बँकेतले भाऊ व्यवहारी. ते म्हणाले, “पण गोष्ट नसली तर पैसे कोण देणार?” त्यावर मुलींपैकी धाकटी एवढेच म्हणाली, “काका, आपण त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.”

तिथून पुढचे काही किलोमीटर आम्ही बोललोच नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरांत लहानपणापासून सांगत आले आहेत, की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. देणाऱ्याने मोठेपणा मिरवू नये म्हणून ते सांगितले आहे, असा आमचा समज होता. घेणाऱ्याची अब्रू झाकण्यासाठीही ते असेल, हे वयाच्या चाळिशी-साठीत करमाडच्या रस्त्यावर आमच्या ध्यानात आले. आम्ही तर सहा दिवस घेणाऱ्याचे नाव गावोगाव सांगत आलो होतो. जळालेल्या पेटीचे पैसे झाले होते, आणि मिस्त्रींच्या परवानगीवाचून झाले होते.

शेंद्र्याच्या अलीकडे एक म्हातारे शेतकरी सायकल हातात धरून पायी चालले होते. चेन तुटलेली. आम्ही थांबायच्या आधीच मिस्त्री उतरले. सायकल उलटी केली, तुटलेली कडी काढली, दगडावर ठेवून पिन ठोकली, चेन चढवली. लगे हात मागच्या चाकाचा आऊटही काढून दिला. एकेक आरा पिळायचा, चाक फिरवायचे, कान देऊन ऐकायचे. म्हाताऱ्यांनी विचारले, “मिस्त्री, किती झाले?” आम्हाला वाटले, मिस्त्री नको म्हणतील. आपण समाजकार्याला निघालेलो. मिस्त्री म्हणाले, “दहा रुपये.” म्हाताऱ्यांनी कोपरीच्या खिशातून नोट काढून दिली. मिस्त्रींनी ती कपाळाला लावली आणि पेटीत न टाकता स्वतःच्या खिशात ठेवली. सायकलवर बसताना ते गुणगुणू लागले होते.

चिकलठाण्याचे विमानतळ, मुकुंदवाडी, सिडको. रविवार असूनही जालना रोड वाहनांनी भरलेला. मोंढा नाक्याहून आत वळलो, जाफर गेट, जुना मोंढा, मग राजाबाजार. संस्थान गणपतीपाशी गर्दीमुळे उतरून सायकली हातात धरल्या. मे महिन्यात याच गल्ल्यांच्या तोंडाशी पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. आता एक हारवाला ओरडला, “अहो मिस्त्री, आठ दिवस कुठं होता? माझी सायकल पडून आहे!” आनंदवनापासून मिस्त्रींचे एवढे चांगले स्वागत कोठेच झाले नव्हते. “कल लाओ,” ते म्हणाले.

शहागंजात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. घड्याळाच्या मनोऱ्यावर मात्र किती वाजले ते कळत नव्हते, ते घड्याळ तेव्हा बंद होते. निजामाच्या काळातल्या त्या मनोऱ्याची डागडुजी पुढे झाली. मंडपात हार घातले गेले, फोटो निघाले. मोहल्ल्यातल्या बायकांनी नान-खलिया केला होता आणि न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या घरातून वरण-भात आला होता. सरांनी माइक घेतला. आम्ही श्वास रोखून उभे होतो. सर म्हणाले, “या चौकातल्या काही लोकांचा धंदा बंद पडला आहे. कोण, ते विचारू नका. तो सुरू करून द्यायचा आहे, एवढेच.” भाषण दोन मिनिटांत संपले. फोटोवाल्यांना दंगलीत जळालेला माणूस हवा होता, तो मिळाला नाही. पेटीत त्या दुपारी आदल्या रात्रीच्या निम्मेही पैसे पडले नाहीत. बँकेतल्या भाऊंनी ते मोजले, वहीत लिहिले आणि पहिल्यांदाच कमी आकड्यावर तक्रार केली नाही.

पुढे त्या पैशांतून पाच हातगाड्या आणि दोन शिलाई मशिनी घेतल्या. कोणाला दिल्या, ते वहीत आहे आणि वही कुलपात आहे. हातगाड्यांना आमच्या मोहिमेचे नाव रंगवावे, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही. आजही त्यांतल्या दोन-तीन गाड्या बाजारात दिसतात. आम्ही त्यांच्याकडून केळी घेतो, भाव करतो.

मिस्त्रींनी पेटीतले काही घेतले नाही. पान्यांचा नवा संच त्यांनी उधारीवर आधीच घेतला होता, तो कामातूनच फेडायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या अकरा सायकली त्यांच्याकडे नेऊन टाकल्या. पाचशे किलोमीटरने सगळ्यांच्या चाकांना आऊट आला होता. चमनच्या कडेला पत्र्याचा आडोसा, पाण्याचे घमेले, पंप. हारवाल्याची सायकल आमच्या आधी नंबरात होती. संध्याकाळी सायकली आणायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी हिशेब सांगितला. दहा सायकलींचे, प्रत्येकी चाळीस. अकरावी त्यांची स्वतःची. आम्ही पाचशेची नोट दिली. त्यांनी शंभर रुपये परत केले.