चिंचोक्याचं प्यादं

लालबागच्या आमच्या खोलीतल्या बुद्धिबळाच्या डब्यात एक पांढरं प्यादं कमी होतं. त्याच्या जागी चिंचोका. तो मी नेहमी राजाकडच्या उंटापुढे मांडायचो. दुसऱ्याच खेळीला त्याला मरायचं असे.

राजापुढचं प्यादं दोन घरं, समोरच्याचंही तसंच आणि लगेच उंटापुढचं प्यादं त्याच्या तोंडी. हा किंग्ज गॅम्बिट. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने याच सुरुवातीतून पुढे एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीरही देऊन किझेरित्स्कीवर मात केली, हे वाचलं आणि जपून खेळणं मला बेचव लागू लागलं.

तात्या, माझे वडील, गिरणीच्या साचेखात्यात. पटावर प्यादंसुद्धा फुकट जाऊ देत नसत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, भोंगे गप्प झाले आणि रातपाळीचा माणूस भरदुपारी गॅलरीत माझ्यासमोर पट मांडून बसला. चिंचोका उचलून त्यांनी मुठीत धरला.

"प्यादा दिलंस. बदल्यात तुका काय गावला?"

"वेळ. तुम्ही ते खाताय तोवर माझे मोहरे बाहेर येतात. किल्लेकोट झाला की हत्तीला मोकळी वाट."

"येळ? तो काय आपल्याकडे कमी आसा?"

एवढं बोलून त्यांनी वजीर कडेला आणला. तिरका शह. प्यादं गेलं की राजाच्या बाजूचं दार उघडं पडतं. पुस्तक ते हळू आवाजात सांगतं. मी हरलो.

पुढे कळलं, स्पास्कीने १९६०मध्ये याच डावात बॉबी फिशरला हरवलं आणि फिशरने पुढच्याच वर्षी लेख लिहून तो मोडीत काढला. नंतर पांढरे मोहरे घेऊन तो स्वतःच हा डाव खेळला. मी तर आजही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर खेळतो. समोरची पोरं हसतात, "काका, मोबाईल म्हणतो ही चाल वाईट." असेल.

संपाचं दुसरं वर्ष होतं. आईची पाटली गहाण पडली होती. त्या दुपारी पांढरे मोहरे तात्यांकडे होते. बराच वेळ पटाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चिंचोका दोन घरं पुढे सरकवला.

मी तो खाल्ला. मुठीत तो त्यांच्या बोटांनी कोमट झालेला लागला. बदल्यात काय, हे विचारायचा माझा धीर झाला नाही.