समर एल, खामगावात

'समर लाइटनिंग' ही सॉल्सबरीजवळच्या हॉप बॅक या छोट्या ब्रुअरीची एल, 5 टक्के अल्कोहोलची. इंग्लंडमध्ये एल म्हणजे तोवर बहुतेक वेळा तपकिरी. 1980च्या दशकाच्या अखेरीस ही सोनेरी आली आणि लोकांनी उन्हाळ्यासाठी उचलून धरली. तिकडे ती तळघराच्या गारव्यात, 12 अंशांच्या आसपास पितात. मित्राने आणलेली बाटली आम्ही मे महिन्यात खामगावात, गच्चीवर उघडली. रात्रीचे नऊ वाजले तरी कठडा तापलेला होता.

आधी लिंबाच्या सालीचा वास आला, मग वाळल्या गवताचा. शेवटी पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण देणारा, पण सौम्य कडवटपणा. ग्लास कोमट झाला तरी चव टिकली.

हे घरी सांगायला मात्र शब्द नाही. आमच्याकडे सगळं एकच: दारू. त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर गावातलं दारूचं दुकान बंद होतं. ते मत देणाऱ्या बाईला मी लिंबाच्या सालीचं काय सांगणार? बाटलीचा वास तिला माझ्याआधीपासून माहीत आहे. तो रात्री तिच्या दारातून आत येतो.