घरच्या एका फेजवर लेथ

मृग तोंडावर आला की आमच्या बदनापूरच्या घरी भावकीतली पेरणीयंत्रे दुरुस्तीला येतात. कुणाचे बुश घासलेले, कुणाचा दांडा वाकलेला. लेथची मोटर २ अश्वशक्तीची, तीन फेजची. घरात मात्र एकच फेज. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, कंडेन्सर लावू, फिरंल की!” फिरते हे खरे, पण मोटरीची साधारण तिसरा हिस्सा ताकद जाते, अन् ओझे वाढले की वाइंडिंग जळते. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही.

म्हणून आधी मोटरीवरची पाटी वाचली. स्टार जोडणीला ४१५ व्होल्ट, डेल्टाला २४०. घरची वीज २३० व्होल्टची. तेव्हा जाणत्या वायरमनकडून जोडणी डेल्टा करून घेतली आणि एका फेजचे तीन फेज करणारा ड्राइव्ह बसवला. पाटीवर डेल्टालाच ४१५ असते, तर हा साधा ड्राइव्ह कामी आला नसता. मीटरपासून वेगळी जाड तार ओढली, अर्थिंग पक्के केले, मंजूर भार वाढवून घेतला.

आता मोटर हळूहळू वेग घेते, घरातले दिवे मंदावत नाहीत. चालू-बंद मात्र ड्राइव्हच्याच बटणाने करतो. कंडेन्सरपेक्षा खर्च जादा झाला. पण यंदा भावकीत कुणाचीही पेरणी आमच्या लेथपायी अडली नाही.