तोंडी शब्दाचं घर आणि कागदाचा हक्क



जून-जुलै लागला की अमरावती आणि अकोल्यात खोल्या शोधणाऱ्या पोरापोरींची गर्दी होते. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, तेल्हारा, पातूर, बाळापूरकडची आपली मुलं कॉलेजला किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला शहरात येतात. सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही तर भाड्याची खोली. दरवर्षी आम्ही काही कार्यकर्ते या मुलांसोबत गल्ल्या फिरतो. म्हणून घरमालक आणि भाडेकरू या नात्याबद्दल आम्ही जे सांगणार आहोत ते पाय झिजवून कमावलेलं आहे.

घर दाखवताना मालक आधी भाडं सांगत नाही, आधी नाव विचारतो. आपल्या वऱ्हाडात वानखडे, इंगळे ही आडनावं बौद्धांत आहेत तशी इतर जातींतही आहेत. म्हणून लगेच दुसरा प्रश्न येतो, "कोन्ते वानखडे?" उत्तर ऐकलं की समोर रिकामी दिसणारी खोली 'कालच गेलेली' असते. कुणी म्हणतं, "आमच्या घरात देवधर्म हाय बाप्पा, जमनार नाही." कुणी खोली देतो, पण अनामत दुप्पट सांगतो. आणि कुणी अट घालतो की भिंतीवर फोटो लावायचे नाहीत. कोणता फोटो, हे त्याला सांगावं लागत नाही आणि आपल्याला विचारावं लागत नाही.

हा आमच्या मनाचा खेळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरच्या डॉ. सुखदेव थोरातांचं काम बघावं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्या उच्चजातीय हिंदूंना सगळीकडे होकार मिळाला. दलितांपैकी १८ टक्क्यांना थेट नकार मिळाला आणि २३ टक्क्यांपुढे जास्त भाडं किंवा वेगळ्या अटी ठेवल्या गेल्या. मुसलमानांपैकी ३१ टक्क्यांना थेट नकार होता. ही देशाच्या राजधानीची गोष्ट आहे. अमरावती-अकोला त्याहून पुढारलेलं आहे असं म्हणायला आम्हाला तरी काही आधार सापडलेला नाही.

काही मुलं यावर तोडगा काढतात. आडनाव सांगत नाहीत, किंवा दुसरंच सांगतात. त्यांना आम्ही बडोद्याची आठवण देतो. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाइलाजाने पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायचं फर्मान सुटलं. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही ठेवून घेतलं नाही. एवढा शिकलेला माणूस त्या दिवशी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत होता. नाव लपवून मिळालेलं छप्पर किती दिवस टिकतं, हे यातून कळतं. त्या छपराखाली राहणाऱ्याच्या हातात हक्क म्हणून काहीच नसतं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खोली मिळाली तरी करार मिळत नाही. "कागद कायले पायजे? आमच्यावर भरोसा नाही का?" असं मालक म्हणतो आणि आपला पोरगा गप्प बसतो. भाडं रोख, पावती नाही, अनामत तोंडी. मग परीक्षेच्या तोंडावर एक दिवस "आठ दिवसात खोली खाली करा" असं सांगितलं जातं. चौदा एप्रिलला मित्र जमले हेही कारण पुरतं. अनामत मागायला गेलं की रंग, नळ, लाइट बिल यांचा हिशोब निघतो आणि हाती काही येत नाही.

याचा दुसरा फटका स्वाधार योजनेत बसतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. अमरावतीसारख्या महसुली विभागाच्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये ठरले, त्यात निवासासाठी १५,०००. पण भाड्याने राहतो याचा कागद अर्जासोबत लावावा लागतो. मालक सही देत नाही आणि पोराचा अर्ज अडकतो. म्हणजे सरकारने दिलेला हक्क घरमालकाच्या एका सहीवर टांगलेला राहतो.

कायदा मात्र वेगळंच सांगतो आणि तो आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवला पाहिजे. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो सगळ्या राज्याला लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. भाड्याची पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही, त्यासाठी कलम २९ आहे.

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' असं ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं. बॉन्डवर लिहून नोटरी केली की झालं, असं समजतात. ते चूक आहे. कलम ५५ मुदत बघत नाही. खर्चाचं रडगाणंही खोटं आहे. संमती करारावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. महिना ३,००० भाडं धरलं तर अकरा महिन्यांचे ३३,००० होतात. त्यावर शुल्क शंभर रुपयांच्या आसपास येतं. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. चार पोरं एका खोलीत राहत असतील तर एकेकाच्या वाट्याला तीनशे रुपयेही येत नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. संमती कराराची मुदत संपली की जागा सोडावीच लागते, नाही तर दुप्पट भरपाई देणं येतं. म्हणून तारीख बघून सही करा.

मग मालक कागदाला एवढा का भितो? हे समजायला शहरातून शिवारात जावं लागेल. वऱ्हाडात आपली कितीतरी माणसं ठोक्याने, मक्त्याने, बटईने शेती करतात. तिथेही सगळा व्यवहार तोंडी. विदर्भासाठी १९५८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९६१ पासून कसणाऱ्या कुळाला मालकी देण्याची तरतूद झाली. तेव्हापासून मालक शहाणा झाला. कागद केला तर कूळ लागेल, म्हणून कागदच नको. परिणाम काय? राबतो तो, पण सातबारा दुसऱ्याचा. बँकेचं कर्ज मालकाला, गारपिटीची भरपाई मालकाला, आणि नोंदणीकृत करार नाही म्हणून पीकविम्यातूनही कसणारा बाहेर. त्याने आत्महत्या केली तर जमीन नावावर नाही म्हणून घरच्यांचं प्रकरण अपात्र ठरतं. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, ते या नात्याच्या मुळावरच घाव घालण्यासाठी. जमीन असो की खोली, मालकाला आपल्यात माणूस दिसला तर व्यवहार करावा लागतो. त्याला मेहेरबानी करायची असते. मेहेरबानीला कागद लागत नाही आणि ती कधीही काढून घेता येते.

आमचं म्हणणं एवढंच आहे की जात तोंडी व्यवहारात सगळ्यात सुरक्षित राहते. 'खोली कालच गेली' या वाक्याचा पुरावा कुठून आणणार? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ कुठल्याही वस्तीत राहण्याच्या हक्काआड अस्पृश्यता आणणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. पण पुराव्याशिवाय तो कायदा पुस्तकातच राहतो. जिथे कागद असतो तिथे मालकाला कारण द्यावं लागतं, तारीख पाळावी लागते, रक्कम लिहावी लागते.

कुणी म्हणेल, करार मागितला तर आहे ती खोलीही जाईल. ही भीती खरी आहे आणि एकट्या पोराने ती पेलावी असं आम्ही म्हणत नाही. म्हणून मागणी संघटनेने करायची. कराराचा एक साधा मसुदा तयार ठेवा. खोली बघायला मुलासोबत दोघं-तिघं जा. भाडं यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. नकार मिळाला तर तारीख, पत्ता, बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. दहा वह्यांतल्या नोंदी एकत्र आल्या की निवेदनाला वजन येतं. स्वाधारचा अर्ज मालकाच्या सहीवाचून अडू नये, राहत्या जागेचा दुसरा पुरावा चालावा, ही मागणी समाजकल्याणकडे लावून धरा.

आणि सुरुवात आपल्या घरापासून करा. आज आपल्या वस्त्यांतही नोकरदारांची दुमजली घरं आहेत, वर चार खोल्या भाड्याने आहेत. तिथे करार होतो का? पावती मिळते का? मातंग, पारधी, मुसलमान पोरगा खोली मागायला आला तर आपल्यातला घरमालक काय विचारतो? 'कोन्ते वानखडे' हा प्रश्न आपल्याला झोंबतो ना? मग आपल्या दारात उभ्या असलेल्याला आपण भाडं सांगायचं, मुदत सांगायची आणि नोंदणीची तारीख विचारायची. त्याची जात विचारायची नाही.

येत्या जूनमध्ये वस्तीतल्या प्रत्येक आंबेडकरी घरमालकाने एक तरी नोंदणीकृत करार करावा. दुसऱ्याकडे कागद मागायचं बळ त्यातूनच येईल.

जयभीम!