मॅकवर सासऱ्यांची सीडी

आमच्या सासऱ्यांनी 2004 साली सासूबाईंच्या सगळ्या पाककृती संगणकावर टाइप करून ठेवल्या होत्या. चातुर्मासातले पदार्थ, कांदा-बटाट्याशिवायची आमटी, उन्हाळ्यातले सांडगे-पापड, सगळं. सासरे आता नाहीत. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात छापून दे गं. नव्यानं सांगत नाही मी, त्यांनी लिहिलंय तेच दे."

फायली माझ्या मॅकवर उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. डोळ्यांना 'क' दिसतो, पण फायलीत त्या जागी भलतंच इंग्रजी अक्षर असतं. त्यामुळे ज्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं त्यातच उघडायला हवं, आणि ते फक्त विंडोजचं. त्याची सीडी सासऱ्यांनी पाकिटात घालून कपाटात जपली होती, हे आमचं नशीब.

हल्लीच्या मॅकला सीडीची खाच नसते. शेजारच्या मुलाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि मॅकच्या 'डिस्क युटिलिटी'त सीडीची इमेज करून घेतली. इमेज म्हणजे अख्खी सीडी जशीच्या तशी एका फायलीत. तिच्यावर डबल क्लिक केलं की सीडी घातल्यासारखी उघडते, आत 'सेटअप डॉट ईएक्सई' दिसतं. पण चालत नाही, कारण ईएक्सई हा विंडोजसाठीचा प्रोग्रॅम, मॅकला तो समजत नाही. इमेज उघडणं वेगळं, आतला प्रोग्रॅम चालणं वेगळं. बऱ्याच जणी इथेच अडतात.

मग मॅकच्या पोटात विंडोज बसवायचं. आधी सफरचंदाच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक' बघा. इंटेलची चिप असेल तर 'बूट कँप'ने विंडोज थेट बसवता येतं. 2020 च्या अखेरीपासून आलेल्या एम चिपच्या मॅकवर ती सोय नाही. माझा एमवाला, म्हणून यूटीएम नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. ते मॅकमध्येच दुसरा खोटा संगणक तयार करतं. त्यात एआरएमसाठीचं विंडोज 11 लागतं, नेहमीचं इंटेलवालं नव्हे. ते जुने इंटेलचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं. जागा मात्र निदान 64 जीबी मोकळी ठेवा. मला त्यासाठी लग्नांचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवावे लागले.

दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, क्रॅक केलेली इमेज देतो, पैसे कशाला घालवता?" अचौर्य अणुव्रत काही फक्त सोन्याचांदीपुरतं नसतं. शिवाय कुणीतरी उघडून परत बांधलेल्या पुड्यात काय मिसळलंय, कुणास ठाऊक. मी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून इमेज उतरवली आणि परवाना विकत घेतला. यजमान थोडे कुरकुरले.

विंडोज उभं राहिल्यावर यूटीएममध्ये सीडी ड्राइव्हच्या जागी सासऱ्यांच्या सीडीची इमेज जोडली. विंडोजला वाटलं, खरीच सीडी आली. सेटअप निमूट चाललं. सगळ्यांचं असं होईलच असं नाही. फार जुन्या, 16 बिटच्या सेटअपला आजचं विंडोज दाद देत नाही. आणि ज्या सॉफ्टवेअरला कुलूप म्हणून यूएसबीची डोंगल लागते, त्याचा जुना ड्रायव्हर एआरएमवर चालत नाही. अशा वेळी कुणाचा तरी जुना विंडोज लॅपटॉप दोन दिवस मागून आणणं बरं. आमच्या सीडीला कुलूप नव्हतं.

फाइल उघडली आणि स्वच्छ मराठी दिसलं. अक्षर 22 पॉइंटचं केलं, विंडोजमधूनच पीडीएफ काढली आणि मॅकवर आणून छापली. वाचताना लक्षात आलं, सासऱ्यांनी अधूनमधून कंसात आपलं काहीतरी लिहिलंय. आमटीखाली होतं: (मीठ थोडं जास्त पडतं, पण हिला सांगितलं नाही).

सासूबाईंनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "बघ, चाळीस वर्षं गप खाल्लं." आणि त्या दिवशी आमटी त्यांनीच केली.