दर्शनी भिंत

इंझोरीच्या आमच्या कवेलूंच्या घराचे एकच धड छायाचित्र उरले आहे. ते १९९६ सालचे. इंझोरी तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. ओसरीच्या एका टोकाला उभे राहून काकांनी ते टिपले. डाव्या हाताची लांब भिंत दूर जाता जाता निमुळती होते. तिच्यावर पणजोबांची व आजोबांची तसबीर आहे आणि त्यांच्या पलीकडे थोडी जागा मोकळी आहे. पुढे ते घर पाडून तिथे स्लॅबचे घर झाले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ठरवले, की त्या मोकळ्या जागेत आजीचा फोटो लावायचा. भिंतच उरली नसल्याने तो फोटोशॉपमध्ये लावणे भाग होते.

आजीचा फोटो स्कॅन करून भिंतीवर ठेवला, तर तो पाकिटावरच्या तिकिटासारखा चिकटला. लहान केला, एका बाजूला कलता केला, तरी तेच. असे केल्याने चौकटीच्या समोरासमोरच्या कडा समांतरच राहतात. दूर जाणाऱ्या भिंतीवरच्या आडव्या रेषा मात्र समांतर दिसत नाहीत. मग छापील प्रतीवर पट्टी ठेवून ओट्याची कड, तुळई आणि आजोबांच्या तसबिरीच्या कडा पेन्सिलीने पुढे वाढवल्या. त्या सगळ्या एका बिंदूपाशी मिळाल्या. हाच लोपबिंदू, त्याची उंची काकांच्या डोळ्याइतकी. आजीच्या चौकटीची वरची आणि खालची कड त्या बिंदूकडे वळवायची, पलीकडची उभी कड अलीकडचीपेक्षा आखूड करायची आणि रुंदीही आवळायची. चारही कोपरे असे स्वतंत्रपणे ओढू देणाऱ्या आज्ञेचे नाव ‘डिस्टॉर्ट’, म्हणजे विकृत करणे. खरे दिसण्यासाठी आधी विकृत व्हावे लागते, हे साहित्य शिकविणाऱ्यांना फारसे नवे नसावे. २००५ च्या आवृत्तीपासून ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ नावाची सोय आहे. तीत भिंतीचे प्रतल एकदा आखून दिले, की चिकटवलेले चित्र तो उतार आपोआप घेते. आम्ही मात्र हातानेच कोपरे ओढत बसलो.

तरीही काहीतरी खटकत होते. शेजारची आजोबांची तसबीर निरखल्यावर उलगडा झाला. जुन्या घरांतल्या तसबिरी भिंतीला चिकटून नसतात. खालची कड दोन खिळ्यांवर टेकलेली आणि वरची दोरीने पुढे झुकलेली, जणू खाली बसलेल्याकडे त्या पाहत असतात. आजीचा फोटो तसा झुकवला, मागे सावलीची पट्टी दिली आणि जुन्या फिल्मला शोभेल इतका पुसट केला. मग तो लागला.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. पाचव्या शतकातील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवून घेतले. अजिंठ्याच्या चित्रांतले प्रासाद आणि मंडप एका बिंदूकडे धावत नाहीत. पाहणाऱ्याचा डोळा कथेबरोबर हिंडतो. एका स्थिर डोळ्याचे यथार्थदर्शन पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये घडले आणि आल्बेर्तीने १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडले. त्या शास्त्राचा पहिला प्रश्न असा, की पाहणारा कुठे उभा आहे? आमच्या छायाचित्रात काका ओसरीत उभे होते. परके माणूस बसलेले असताना आजी तिथे कधी उभी राहिली नाही.

तयार चित्र धाकट्या बहिणीला दाखवले. तिला जोडकाम कळले नाही, पण बराच वेळ पाहून ती म्हणाली, “दादा, आजीचा फोटू तं मांगच्या खोलीत होता ना?”

होता. दळणाच्या डब्यांच्या वर, धुराने पिवळा पडलेला. तो दर्शनी भिंतीवर लावू नये असे कोणी म्हटले नव्हते. लावावा असेही कोणाला सुचले नव्हते. आम्हालाही नाही. चार कोपरे जुळवताना आम्ही भिंतीचा उतार, उजेडाची दिशा, दोरीचा ताण सगळे तपासले होते. फोटो तिथे होता का, एवढेच तपासायचे राहिले.

चित्र आम्ही पुसले नाही. चुलत भावंडांसाठी त्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येकीच्या मागे शाईने लिहिले : ‘आजीचा फोटो या भिंतीवर नव्हता. तो आम्ही नंतर लावला.’